घोड्यांच्या शोसाठी क्लास कसा निवडायचा आणि राइडरचे कपडे कसे ठरवायचे: पायरी पायरीने सगळं

शोची तारीख कळली की बहुतेक जण सगळ्यात आधी जॅकेट घेतात. मग ते जॅकेट ज्या क्लासमध्ये, म्हणजे शोमधल्या स्पर्धेच्या गटात, चालेल त्यात नाव घालतात, आणि घोडा मुळात त्या क्लासचा नसतोच. रिंगमध्ये घोड्याची चूक काही नसते, राइडरही नीट बसलेला असतो, तरी नंबर शेवटचा. मग घरी येऊन प्रश्न, की जजला आमचं काय आवडलं नाही?

हे इतक्या वेळा बघितलंय की आता क्रमाने लिहून काढतेय. क्रम एवढाच: आधी घोडा, मग क्लास, मग नियम, मग खोगीर-लगाम, आणि कपडे सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटा केला की पैसे पण जातात आणि सीझन पण.

पायरी 1: आपल्या घोड्याचा खरा हिशोब मांडा

कागद घ्या आणि लिहा. मनात ठेवू नका, मनात प्रत्येकाचा घोडा चॅम्पियनच असतो.

उंची आधी. उंची विदर्सला मोजतात, म्हणजे खोगिराच्या पुढे, मानेच्या मुळाशी जो उंचवटा असतो तिथे. जमीन सपाट आणि कडक हवी, घोडा चारही पायांवर सरळ उभा हवा आणि मान ना वर ताणलेली ना खाली घातलेली. इथे एक चूक फार होते. 14.2 हँड हे दशांशात वाचायचं नसतं. एक हँड म्हणजे 4 इंच, त्यामुळे 14.2 म्हणजे 14 हँड आणि वर 2 इंच, एकूण 58 इंच, साधारण 147 सेंटिमीटर. मी लोकांना 14.2 ला सरळ 10.16 ने गुणताना बघितलंय, त्यात तीन सेंटिमीटरचा फरक पडतो आणि पोनी आणि घोडा यांच्या मधली रेषा तिथेच कुठेतरी असते. एफईआयच्या (घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) नियमात पोनी म्हणजे नाल नसताना 148 सेंटिमीटरपर्यंत आणि नाल असताना 149. म्हणजे नालेचाही हिशोब धरतात हे लक्षात ठेवा.

मग वय. थरोब्रेड आणि अजून बऱ्याच जातींमध्ये कागदोपत्री वय जन्मतारखेवर मोजत नाहीत. उत्तर गोलार्धात सगळ्यांचं वय 1 जानेवारीला वाढतं, दक्षिण गोलार्धात बऱ्याच ठिकाणी 1 ऑगस्टला. मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू पुढच्या जानेवारीत कागदावर एक वर्षाचं होतं, अंगाने ते आठच महिन्यांचं असतं. वयाच्या क्लासमध्ये असं उशिरा जन्मलेलं शिंगरू बाकीच्यांच्या शेजारी लहानच दिसणार. त्याला दोष देऊ नका, तो क्लास वर्षभर पुढे ढकला.

चाल बघायची तर मोबाइलवर व्हिडिओ घ्या: एकदा घोडा समोरून येताना, एकदा लांब जाताना, एकदा बाजूने. वॉक, म्हणजे साधी सावकाश चाल, बघायला आमच्याकडची सोपी युक्ती म्हणजे ओली, नुकती सपाट केलेली वाळू. घोडा त्यावरून सरळ चालवा आणि वाकून ठसे बघा. मागच्या पायाचा ठसा पुढच्या पायाच्या ठशात पडला तर ठीक, त्याच्या पुढे पडला तर वॉक चांगला मोकळा आहे, मागेच राहिला तर घोडा आखडून चालतोय, किंवा आळस करतोय, किंवा कुठेतरी दुखतंय. दुखणं आधी तपासून घ्या, लंगडणाऱ्या घोड्यासाठी कुठलाच क्लास नसतो.

आणि स्वभाव. घरी एकटा शहाणा असलेला घोडा दहा घोड्यांच्या मध्ये वेगळाच असू शकतो. शेजारून कोणी कँटरने (मध्यम दौडीने) गेलं तर तो कान मागे टाकतो का, लाथ उगारतो का, की पळायला बघतो, हे खरं खरं लिहा. लाथ मारणाऱ्या घोड्याच्या शेपटीला लाल रिबन बांधायची पद्धत आहे, नव्या घोड्याला हिरवी. पण लाल रिबन बांधली म्हणून जबाबदारी संपत नाही, असा घोडा गर्दीच्या क्लासमध्ये न्यायचाच नाही.

तपासा: कागदावर उंची, वय, चाल, स्वभाव आणि अंगावरचे जुने डाग-जखमा एवढं आलं का? डाग कशाला, तर इन-हँड क्लासमध्ये, जिथे घोड्याची ठेवण बघतात, तिथे ते महागात पडू शकतात. उडीच्या क्लासमध्ये जुन्या बऱ्या झालेल्या खुणेकडे सहसा कोणी बघत नाही.

पायरी 2: या क्लासमध्ये जज नक्की कोणाकडे बघतोय?

सगळ्या लेखातली महत्त्वाची पायरी हीच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

क्लासची नावं पन्नास असतात, पण जजची नजर चारच ठिकाणी असते. एक, घोड्याची ठेवण. इन-हँड, हॉल्टर, जातीचे क्लास यात घोडा हातात धरून चालवतात, पाय किती सरळ, मान-पाठ-पुठ्ठे यांचं प्रमाण कसं आणि चाल कशी हे बघतात. दोन, घोड्याची चाल आणि वागणूक, म्हणजे हंटर अंडर सॅडल, प्लेझर, हॅक, रायडिंग हॉर्स वगैरे. वर राइडर असतो पण मार्क घोड्याला मिळतात. तीन, राइडर स्वतः: इक्विटेशन, वेस्टर्नमध्ये (अमेरिकी काउबॉय पद्धतीत) हॉर्समनशिप, आणि हातात घोडा धरून करायची शोमनशिप, ज्यात घोडा कसा दाखवला त्याला मार्क असतात, घोडा कसा दिसतो त्याला नाही. चार, सरळ मोजणी. शो जंपिंगमध्ये दांडी पडली की 4 फॉल्ट, पहिल्यांदा घोडा उडीपाशी थांबला की 4, आणि एफईआयच्या नियमात दुसऱ्यांदा थांबला की बाहेर. तिथे तुमची स्टाइल कोणी बघत नाही. ड्रेसाजमध्ये 20 बाय 40 किंवा 20 बाय 60 मीटरच्या रिंगणात ठरलेली टेस्ट, प्रत्येक हालचालीला 0 ते 10 मार्क.

आता पहिल्या पायरीचा कागद शेजारी ठेवा. घोड्याची चाल लांब, खाली घासून जाणारी, गुडघा फारसा न उचलणारी असेल तर हंटर अंडर सॅडल. गुडघा उंच उचलत असेल तर तिथे तो मागे पडणार, त्याच्यासाठी सॅडल सीट (उंच पाय उचलणाऱ्या घोड्यांचे क्लास) किंवा त्याच्या जातीचे क्लास बघा. चाल साधीच, पण नियमित तालात, आणि सांगितलं की लगेच ऐकतो, असा घोडा खालच्या लेव्हलच्या ड्रेसाजला छान मार्क आणतो कारण तिथे अचूकपणाचे मार्क असतात. आणि ज्याची चाल बेताची, रूप बेताचं, पण पाठीवर कोणीही बसावं इतका भरवशाचा, तो इक्विटेशनचं सोनं आहे.

आमच्याकडे असाच एक आडव्या बांध्याचा, आखूड पावलांचा घोडा होता. त्याला मी दोन सीझन हॅक क्लासमध्ये नेलं. हॅक म्हणजे नाजूक, हलका, तरंगत चालणारा घोडा हवा, आणि आमचा बापडा टप टप टप आपल्या तालात जायचा. दोन्ही वर्षं खालून पहिला. तिसऱ्या वर्षी एका जुन्या जाणत्या राइडरने रिंगच्या कठड्यावर कोपर टेकून शांतपणे विचारलं, की हा घोडा एवढा स्थिर आहे तर याच्यावर मुलांना इक्विटेशनला का नाही बसवत? बसवलं. तोच घोडा, तीच टप टप चाल, पण वरच्या मुलीचा पाय हलत नव्हता कारण घोडा तिला हलवतच नव्हता. त्या दिवशी ती दुसरी आली.

सावधान: नाव सारखं म्हणून क्लास सारखा असं नसतं. हंटर हा शब्द एकीकडे उड्यांच्या क्लासला वापरतात, एकीकडे सपाट रिंगमध्ये दाखवायच्या भरदार घोड्याला. नावावर जाऊ नका, क्लासच्या खाली काय बघणार ते लिहिलेलं असतं ते वाचा.

पायरी 3: लेव्हल आणि क्लासची संख्या

मेडन, नोव्हिस, लिमिट, ओपन हे शब्द राइडरच्या किंवा घोड्याच्या आजवरच्या पहिल्या नंबरांवर ठरतात. बऱ्याच नियमावल्यांत मेडन म्हणजे एकही पहिला नंबर नाही, नोव्हिस म्हणजे तीन झालेले नाहीत, लिमिट म्हणजे सहा झालेले नाहीत. पण हे घोड्याचे मोजायचे की राइडरचे, आणि कुठल्या शोमधले धरायचे, हे त्या त्या वेळापत्रकात बघायलाच हवं. चुकून खालच्या क्लासमध्ये शिरलात तर नंबर आलेला काढून घेतात, आणि ते जास्त लागतं.

उडीची उंची निवडताना घरी जेवढं सहज उडता त्याच्यापेक्षा 10-15 सेंटिमीटर खाली या. घरी दांड्या ओळखीच्या असतात, शोमध्ये फुलांच्या कुंड्या, रंगीत फळ्या, लाउडस्पीकर, सगळं नवीन.

पहिल्या शोला घोडा नवा असेल तर दोन क्लास, फार तर तीन. शक्य असेल तर पहिला इन-हँड ठेवा, म्हणजे घोड्याला रिंग पायाखालून जाते आणि तुम्हालाही श्वास मिळतो. दोन क्लासमध्ये खोगीर बदलायचं असेल तर मध्ये किमान अर्धा-पाऊण तास हवा. लोक सहा क्लास भरतात, चौथ्यापर्यंत घोडा दमतो, आणि ज्या क्लाससाठी आलो तो नेमका सहावा असतो.

तपासा: निवडलेल्या क्लासपैकी एकात भाग घेतला म्हणून दुसऱ्यात मनाई आहे का? आणि चॅम्पियनशिपला जायचं तर आधी कुठला क्लास करावा लागतो?

पायरी 4: नियम वाचा, मग खोगीर-लगाम

वेळापत्रक आणि नियमावली दोन्ही. शंका असली तर शोच्या सेक्रेटरीला आधी विचारा, आदल्या आठवड्यात विचारलंत तर नीट उत्तर मिळतं, शोच्या सकाळी कोणाला वेळ नसतो.

वाचताना हे शोधा. बिट (घोड्याच्या तोंडातला लगामाचा धातूचा भाग) कुठली चालते. नव्या घोड्यांच्या आणि खालच्या लेव्हलच्या क्लासमध्ये बहुतेक ठिकाणी साधी, सौम्य बिट, म्हणजे स्नॅफलच. वेस्टर्नमध्ये घोड्याच्या वयाचा पण संबंध येतो, पाच वर्षांपर्यंतचा घोडा स्नॅफल किंवा बोसालमध्ये (बिट नसलेल्या, नाकावरच्या पट्ट्यात) दोन हातांनी दाखवता येतो, मोठा झाला की कर्ब बिट (तरफेसारखा दाब देणारी) आणि लगाम एका हातात, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. मार्टिंगेल (घोड्याची मान फार वर जाऊ नये म्हणून लावायचा पट्टा) ड्रेसाजच्या टेस्टमध्ये चालत नाही. घोड्याच्या पायातले बूट आणि बँडेज जंपिंगला चालतात, ड्रेसाजच्या टेस्टला आणि बहुतेक सपाट शो क्लासला नाही. वॉर्म-अपला घातलेली बँडेज काढायला विसरून आत जाणं ही दर शोला एकदा तरी घडणारी गोष्ट आहे, म्हणून गेटवर उभ्या माणसाला हेच एक काम द्या. चाबकाची लांबी: एफईआय जंपिंगमध्ये 75 सेंटिमीटरपर्यंत, ड्रेसाजचा लांब चाबूक 120 पर्यंत आणि पोनीसाठी 100. तुमच्या शोचे आकडे वेगळे असू शकतात, टेप लावून मोजा.

खोगिराखालचं पॅड शोच्या सपाट क्लासला खोगिराच्या आकाराचं, न दिसेलसं. ड्रेसाजला पांढरं चौकोनी चालतं. चमचमती झालर घोड्याची पाठ कापून दोन तुकडे करते, जजच्या नजरेला पाठ आखूड किंवा लांब भासते.

पायरी 5: आता कपडे, आणि सुरुवात हेल्मेटपासून

हेल्मेट दिसायला कसं आहे हे शेवटी बघा. आधी आतलं लेबल: एएसटीएम एफ1163, पीएएस 015, व्हीजी1, स्नेल असं तुमच्या नियमावलीत चालणारं मानक त्यावर आहे का. ड्रेसाजमध्ये पूर्वी वरच्या लेव्हलला टॉप हॅट चालायची, एफईआयने 1 जानेवारी 2021 पासून हेल्मेट सक्तीचं केलं, त्यामुळे कोणाची जुनी टॉप हॅट मिळाली म्हणून खूश होऊ नका.

माप भुवयांच्या दोन-तीन सेंटिमीटर वर टेप फिरवून घ्या. घातल्यावर पट्टा न लावता डोकं हळू हलवा, हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट एकटंच हललं तर मोठं आहे. आता खरी मेख. घरी आपण वेणी घालून बसतो आणि शोला केस वर गुंडाळून जाळीत बांधून हेल्मेटच्या आत घालतो, मग तेच हेल्मेट अर्ध्या तासात कपाळाला असं आवळतं की डोळ्यापुढे अंधारी. शोला जसे केस बांधणार तसेच बांधून माप घ्या. जोरात पडलात, हेल्मेट आपटलं, की ते बदलायचंच, वरून तडा दिसो न दिसो. आणि बंद गाडीत उन्हात ठेवू नका.

जॅकेट. दुकानात आरशासमोर उभं राहून जॅकेट घेऊ नका. खोगिरावर बसा, नसेल तर खुर्चीवर उलटं बसा, हात लगाम धरल्यासारखे पुढे करा. पाठीची शिवण ताणली नाही पाहिजे, बाही मनगटापर्यंत राहिली पाहिजे. उड्या असतील तर पुढे झुकून बघा. मागची चीर खोगिराच्या मागे दोन्हीकडे सारखी पडते का बघा, नाहीतर जॅकेट खोगिरावर बसून गोळा होतं. संरक्षक व्हेस्ट घालणार असाल तर त्याच्यासकट माप, आणि पाठीवर बांधायचा स्पर्धकाचा नंबर व्हेस्टच्या वर दिसला पाहिजे.

कुठल्या क्लासला कुठलं, हे थोडक्यात: हंटर आणि इक्विटेशनला नेव्ही, गडद हिरवं किंवा गडद राखाडी, त्याखाली बेज ब्रीचेस (घोडेस्वारीची घट्ट पँट). ब्रिटिश पद्धतीच्या शोमध्ये हंटर, कॉब (बुटका भरदार घोडा), वर्किंग क्लासला ट्वीड (जाड लोकरी कापड), आणि हॅक किंवा शो पोनीला नेव्ही वगैरे गडद साधं. ड्रेसाजला गडद जॅकेट, पांढऱ्या किंवा क्रीम ब्रीचेस, गळ्याला स्टॉक (गुंडाळून बांधायचा पट्टा). स्टॉकची पिन आडवी लावायची, उभी नाही, पडलो तर टोचायला नको म्हणून. वेस्टर्नला लांब बाहीचा कॉलरचा शर्ट, बूट, चॅप्स (पँटवरून घालायची चामड्याची पायझाकणी) टाच झाकेल इतक्या लांब, डोक्यावर हॅट, आणि तिच्या जागी हेल्मेट घातलं म्हणून मार्क जात नाहीत. इन-हँडला साधा नीटनेटका शर्ट-पँट, हातमोजे, आणि पळता येईल असे पकड असलेले बूट, कारण घोड्याबरोबर ट्रॉटला (दुडक्या चालीला) पळायचंय.

ब्रीचेस फिक्या असतील तर आतले कपडे अंगाच्या रंगाचे, शिवण न दिसणारे. पांढरे आतले कपडे पांढऱ्या ब्रीचेसमधून दिसतात, हे उन्हात उभं राहून कोणाला तरी बघायला सांगा.

बूट. लहान मुलांना आखूड जॉधपूर बूट. मोठ्यांना उंच बूट: घोट्याजवळ लेस असलेले फील्ड बूट हंटर-जंपिंगला, बिनलेसचे ड्रेस बूट ड्रेसाजला. नवे चामड्याचे उंच बूट घोट्यात घड्या पडून दोन-तीन सेंटिमीटर खाली बसतात, म्हणून नवे असताना गुडघ्यामागे थोडे टोचले पाहिजेत. दुकानात अगदी आरामात बसलेला बूट महिन्याभरात पिंढरीच्या मध्यावर येतो आणि मग पाय आखूड दिसतो. टाच हवीच, नाहीतर पाऊल रिकिबीतून आरपार जाऊ शकतं. बूट घेतल्यावर रिकीब पुन्हा मोजा, बुटाच्या रुंदीपेक्षा साधारण अडीच सेंटिमीटर जास्त जागा हवी.

हातमोजे. पांढरे मोजे ड्रेसाजला छान दिसतात, पण हात थोडासाही हलला की लांबून दिसतो. हात अजून स्थिर नसेल तर गडद घाला.

तपासा: कानातलं लोंबतं, साखळी, मोठी घड्याळं, सगळं काढलं? केस जाळीत?

पायरी 6: रंग घोड्याशी जुळवा

हे लोक पहिलं करतात, खरं तर इथे यायला हवं. तांबूस चेस्टनटवर हिरवट ट्वीड किंवा नेव्ही खुलतं. काळ्या आयाळीच्या बे (तपकिरी) घोड्यावर जवळपास सगळंच. पांढऱ्या-करड्यावर नेव्ही किंवा गडद राखाडी, फिका बेज धुळकट दिसतो. शर्टला रंग द्यायचा तर एकच आणि हलका. जजला आधी घोडा दिसला पाहिजे, नंतर तुम्ही.

पायरी 7: पूर्ण कपड्यात रंगीत तालीम

ही पायरी सगळे गाळतात. शोच्या किमान एक आठवडा आधी, सगळं घालून, नंबर पाठीवर बांधून, वॉक-ट्रॉट-कँटर दोन्ही बाजूंनी करा.

मी एकदा हे न करता गेले. वारा होता, जॅकेटचं खालचं बटण लागलं नव्हतं, आणि कँटर सुरू केल्यावर जॅकेटची कड घोडीच्या कुशीला फडफड लागायला लागली. तिने आयुष्यात जॅकेट बघितलं नव्हतं. एकदा कातडी थरथरवली, दुसऱ्यांदा कान मागे, तिसऱ्यांदा पाठ गोल करून सुटलीच ती, आणि समोर एक लहान पोनी चालली होती. मी तिला रिंगच्या कोपऱ्यात वळवू शकले म्हणून निभावलं. तेव्हापासून आमच्याकडे जॅकेट आधी तबेल्यातल्या कठड्यावर टांगतो, मग घोड्याच्या अंगावरून हळूच फिरवतो, मग घालून चढतो.

तालमीचा पण व्हिडिओ घ्या. खांदा कुठे वर येतोय, जॅकेट कुठे सुरकुततंय, ब्रीचेस गुडघ्याला गोळा होतायत का, सगळं दिसतं.

पायरी 8: शोच्या दिवशीचा क्रम

आधी घोडा, नंतर तुम्ही. खरारा, वेण्या, खुरांना तेल, सगळं होईपर्यंत जुने कपडे वर चढवा, पांढऱ्या ब्रीचेसवर हिरवी लाळ लागली की ती निघत नाही. दुसरा शर्ट आणि मोजे पिशवीत असू द्या.

वॉर्म-अप जॅकेटशिवाय, पण हेल्मेटसकट. क्लासच्या पंधरा मिनिटं आधी जॅकेट, नंबर, आणि नंबरची दोरी बटणाखाली खोचा, लोंबत ठेवू नका. मग चढल्यावर कोणाला तरी ओलं फडकं घेऊन बुटाच्या तळव्यापर्यंत पुसायला सांगा, उडीच्या वेळी तळवा दिसतो.

आत गेल्यावर पुढच्या घोड्यापासून किमान एका घोड्याचं अंतर. गर्दीत अडकलात तर कोपरा खोल घ्या किंवा लहान वर्तुळ करून मोकळ्या जागेत या, पण वर्तुळ चालतं का हे पायरी 4 मध्ये वाचलेलं असलं पाहिजे.

बाहेर आल्यावर खोगीर उतरवायच्या आधी पहिल्या पायरीचा कागद काढा आणि मागे लिहा: क्लास कुठला, किती घोडे होते, आपला कितवा, जज काय म्हणाला, आणि जिंकलेला घोडा कसा चालत होता. पुढच्या शोचं नाव भरताना हाच कागद समोर ठेवायचा आहे.